"इथवर ये, पुढे येऊ नको" – मग 2018 ला पाणी घरात कसं आलं?

वाडीवाला (24 जून 2024, रात्री 10:14)

काल मिस्साला (देवळातल्या रविवारच्या उपासनेला) पहिलं वाचन बायबलमधल्या ईयोबच्या पुस्तकातलं होतं, अध्याय 38. देव वादळातून ईयोबाला विचारतो की समुद्र उसळून बाहेर आला तेव्हा त्याला दारं कोणी लावली, अडसर कोणी घातला, इथवर ये, याच्यापुढे येऊ नको असं त्याला कोणी बजावलं. आणि शुभवर्तमान मार्क 4, येशू नावेत उशाला डोकं टेकून झोपलाय, वादळ सुटतं, शिष्य त्याला उठवतात, तो वाऱ्याला गप्प करतो. ही जोडी साधारण दर तीन वर्षांनी जूनमध्ये येते, नेमकी पावसाच्या तोंडावर. 2021 ला आली तेव्हा तौक्ते चक्रीवादळाला महिना झालेला, वाडीतली केळी आडवी पडलेली आणि मिस्सा मोबाईलवर.

फादर चांगलं बोलले. देवाने सृष्टीला शिस्त घालून दिली, अंधाराला नाव दिलं, पाण्याला हद्द दिली वगैरे. येताना स्कूटरवर मागे मुलगी बसलेली, बारा वर्षांची. ती म्हणते, पप्पा, मग आपल्याकडचं दार कोणी उघडं ठेवलं?

मला दोन मिनिटं कळेच ना ही कशाबद्दल बोलतेय. ती 2018 च्या जुलैबद्दल बोलत होती. वसईत होते त्यांना आठवत असेल, विरारकडची लोकल बंद, मिठागरात माणसं अडकलेली, लाईट नाही. आमच्या घरात मांडीएवढं पाणी होतं. तेव्हा ही सहा वर्षांची, हिला आणि माझ्या आईला पलंगावर टेबल ठेवून वर बसवलेलं. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. हिला एवढंच आठवतं की आजी रोजरी म्हणत होती आणि हिची चप्पल स्वयंपाकघरातून आपली आपण हॉलमध्ये आली.

घरी गेल्यावर सांगतो म्हटलं. आज सोमवार संपत आला, सांगितलं नाहीये. तुम्ही काय सांगाल? फक्त "देवाची योजना आपल्याला कळत नाही" हे नको, प्लीज. बाबा गेले तेव्हा ते शंभर लोकांकडून ऐकलंय.

---

खडूस_काका

दार देवाने नीट लावलं होतं. कडी बिल्डरने काढून भंगारात विकली. पुढचा प्रश्न?

---

निरीश्वर

बारा वर्षांच्या मुलीने स्कूटरवर बसून जे विचारलं त्याच्यावर ग्रंथालयं भरलीत आणि उत्तर शून्य. दार नव्हतंच हो. कमी दाबाचा पट्टा आला, तीन-चार दिवस ढगफुटीसारखा पाऊस पडला, भरती होती, पाणी तुंबलं. सांगून टाका तिला. पोरं आपल्यापेक्षा लवकर समजतात.

---

शेवंती_ना

@निरीश्वर, पाऊस कसा पडतो हे तिला शाळेत शिकवलंय हो, सहावीत असेल ती. ती ते विचारत नाहीये.

---

नगरकर_

आम्ही प्रॉटेस्टंट, अहमदनगरचे, त्यामुळे मिस्सा नाही पण ईयोब आमच्याकडेही तोच :) मुळात ईयोबच्या पुस्तकात देव "का" याचं उत्तर देतच नाही हे लोक विसरतात. ईयोबाची मुलं मेली, जनावरं गेली, अंगभर फोडं आले. तीन मित्र येऊन सदतीस अध्यायांपर्यंत हेच सांगतात की तू काहीतरी पाप केलं असशील (शेवटी शेवटी एक चौथा पण येतो, तो त्यांच्याहून वरताण). मग देव बोलतो तर काय बोलतो, तर डोंगरी शेळ्या कधी वितात, शहामृग कसा मूर्ख आहे, लिव्याथानाच्या (समुद्रातल्या अजस्र प्राण्याच्या) नाकात वेसण घालशील का. आणि सगळ्यात शेवटी मित्रांनाच झापतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत म्हणून. म्हणजे ज्यांनी देवाची बाजू घेऊन पापाचा हिशोब मांडला तेच चुकले.

लूक 13 मध्ये येशूसमोर पण हाच विषय निघतो. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली होती. तो सरळ म्हणतो की ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजू नका. आमच्या आजोबांच्या पवित्र शास्त्रात त्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा आहेत. का, ते विचारायचं राहून गेलं.

---

मारानाथा77

मत्तय 24 वाचा. जागोजागी दुष्काळ व भूमिकंप. हा तर वेदनांचा आरंभ. चिन्हं स्पष्ट आहेत. जागे व्हा.

---

खडूस_काका

@मारानाथा77 दादा, 1999 ला पण हेच सांगून आमच्या शेजाऱ्याने एफडी मोडली होती. अजून भाड्याने राहतो.

---

रेघोट्या

उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओळीत "पृथ्वी आकारविरहित व शून्य होती" असं आहे, त्याला मूळ हिब्रूत "तोहू वा-बोहू" म्हणतात. हे कळल्यापासून माझ्या मुलाच्या खोलीला आम्ही घरात तोहूबोहूच म्हणतो. "तुझा तोहूबोहू आवर आणि जेवायला ये."

थोडं सिरियसली – आजूबाजूच्या बाबिलोनी कथेत मार्दुक देव तियामत नावाच्या समुद्रराक्षसिणीला मारतो, तिला सुक्या माशासारखी उभी चिरतो आणि तिच्या अर्ध्या भागाचं आकाश करतो. मारामारीतून जग. उत्पत्तीत तेच खोल पाणी आहे (तेहोम, शब्द पण तियामतच्या नात्यातला) पण लढाई नाही. देव फक्त बोलतो आणि वेगळं करतो, उजेड अंधारापासून, पाणी पाण्यापासून. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पाणी मारून टाकलेलं नाही, बाजूला सारलंय. ते तिथेच आहे. म्हणून नोहाच्या वेळी परत येऊ शकतं.

---

मुक्तछंद_पुणे

आमच्याकडे उत्पत्ती, स्थिती, लय. तिन्ही खाती एकाच घरात. तुम्हा लोकांना विनाशाचा एवढा त्रास का होतो हे मला कधी कळलं नाही, तोही कारभाराचाच भाग.

---

शेवंती_ना

@मुक्तछंद_पुणे, कारण आमच्याकडे चक्र नाही. एकदाच घडवलं, "फार चांगले आहे" म्हणाला, आणि तेच दुरुस्त करणार असं वचन आहे. चक्र असतं तर मी पण निवांत झाले असते. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो सारी सृष्टी कण्हतेय, प्रसूतीच्या कळा दिल्यासारखी. कारभार सुरळीत चाललाय असं म्हणणाऱ्याने हे लिहिलं नसतं.

---

भूगर्भी

ख्रिस्ती नाही, पण धागा आवडला म्हणून माझे दोन आणे. आपण ज्याला काळी कसदार जमीन म्हणतो, कापसाची, ज्वारीची, ती कुठून आली? साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर ओतले गेले. सह्याद्रीच्या घाटात गाडी थांबवून बघा, पायऱ्या पायऱ्या दिसतात, एकेक पायरी म्हणजे एकेक थर. त्याच सुमारास डायनोसॉर गेले, त्यात दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती आणि उल्केचा किती यावर अजून भांडणं चालू आहेत. तर तो महाविनाश झिजून झिजून आज आपल्या भाकरीत आलाय. भूकंपाचंही तेच, जमिनीखालच्या ताटांची (प्लेट्सची) हालचाल नसती तर हिमालय नसता, हिमालय नसता तर मान्सून असा नसता. एकाला सुव्यवस्था आणि दुसऱ्याला विनाश म्हणणं हा आपला उंचीचा प्रश्न आहे. विमानातून बघितलं की सगळं नीट दिसतं.

---

लातूरकर

@भूगर्भी, तुमचं शास्त्र बरोबर असेल पण मी जमिनीवरून बघितलंय, विमानातून नाही.

30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आधी. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा येऊन झोपलेले. मी 19 वर्षांचा, लातूरला कॉलेजला. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपला ट्रकमधून किल्लारीकडे नेलं. पाऊस चालू. रडण्याचा आवाज असेल असं वाटलं होतं, तर आवाजच नव्हता. एका घराची चूल सारवलेली तशीच होती, वर तवा, बाजूला काटवट, आणि चारी बाजूला भिंत म्हणून काही नाही. साधारण दहा हजार माणसं गेली त्या पट्ट्यात, 6.2 च्या आसपासचा भूकंप. दुसऱ्या देशात एवढ्याला कपाटातली भांडी पडतात.

माणसं भूकंपाने नाही मेली, घरांनी मारली. दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर माळवद. माळवद ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाकडी सऱ्यांवर मातीचं धाबं. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवीन पांढरी माती टाकायची. जुनी काढायची नाही, वर नवीन. आज्यापणज्यापासून. उन्हाळ्यात घर गार राहतं त्याने. ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांच्या छातीवर आलं.

तिथे तेव्हा पण पापाचा हिशोब सांगणारे फिरत होते, आमच्याच धर्माचे, तुमचे नाही. मी एवढंच म्हणतो. भूकंप देवाने पाठवला की ताटं सरकली ते तुम्ही ठरवा. माती मात्र आमच्या आजोबांनी टाकली होती, नातवंडांना ऊन लागू नये म्हणून. आता ह्याच्यात पाप कोणाचं धरायचं?

---

शेवंती_ना

काय लिहावं कळत नाही. 🙏

---

इतिहास_वेडा

लातूरकरांनंतर लिहायला कसंतरी वाटतंय पण पापाचा हिशोब सांगणाऱ्यांवरून आठवलं म्हणून. 1 नोव्हेंबर 1755, पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चेस गच्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, चर्चेस कोसळली, लोक मोकळ्या जागेत म्हणून नदीकाठी पळाले तर तिथे समुद्राच्या लाटा आल्या, आणि उरलेलं शहर त्या मेणबत्त्या-चुलींच्या आगीत काही दिवस जळत राहिलं. दहा हजारांच्या पटीत माणसं गेली. आपल्या वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून 1739 ला घेतला, म्हणजे त्यानंतर सोळाच वर्षं. गोवा अर्थात तेव्हाही त्यांच्याच ताब्यात.

तिथे मालाग्रिदा नावाचे एक म्हातारे येशूसंघीय फादर होते. त्यांनी छापून सांगितलं की ही नैसर्गिक गोष्ट नव्हे, लिस्बनच्या पापांची शिक्षा आहे, बांधकाम सोडा, पश्चात्ताप करा. राजाचा मंत्री पोंबाल, त्याला शहर उभं करायचं होतं. शेवटी 1761 मध्ये मालाग्रिदांना इन्क्विझिशनकरवी (चर्चच्या धर्मन्यायालयाकरवी) मारलं, म्हणजे तो पण काही संत नव्हता. पण त्या पोंबालच्या कारकिर्दीत एक काम झालं. देशभरच्या धर्मग्रामांतल्या फादरांना प्रश्नावली गेली. धक्का किती वेळ चालला, कोणत्या दिशेने जास्त जाणवला, समुद्र आधी मागे गेला का, विहिरींचं पाणी बदललं का. भूकंपशास्त्राची सुरुवात बरेच लोक तिथून धरतात. तेच फादर, तोच भूकंप, पण "कोणाचं पाप" च्या ऐवजी "विहिरीचं पाणी बदललं का".

---

टोरांटोची_मावशी

विषयांतराबद्दल सॉरी, @वाडीवाला तुमच्या वाडीत राजेळी आहे का अजून? माझी मम्मी सुकेळी करायची, राजेळीची पिकलेली केळी सोलून उन्हात आठवडाभर, रात्री उचलून आत, आणि आम्ही राखणीला बसायचो माश्या आणि कावळे हाकलायला. केळीच्या सोपटात बांधून यायची. इथे ड्राईड बनाना म्हणून जे मिळतं ते बुटाच्या तळव्यासारखं आहे.

---

वाडीवाला

@टोरांटोची_मावशी, राजेळीचे चार कांदे आहेत, तौक्तेनंतर परत लावलेले. सुकेळी आता कोण करत नाही, उन्हात आठवडाभर बसायला माणूस कुठाय.

सगळ्यांचं वाचतोय. लातूरकर, तुमची पोस्ट बायकोला पण वाचून दाखवली.

आता एक सांगायचं जे पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम टाळलं. वसईबाहेरच्यांना बावखल माहीत नसेल. वाडीत असतं ते छोटं तळं, मोठं असलं की त्यावर रहाट. पावसाचं पाणी सगळ्या बाजूंनी त्यात उतरायचं, मुरायचं, म्हणून समुद्र एवढा जवळ असून विहिरी गोड. लहानपणी आमच्या आळीत किती होती म्हणून काल आईला विचारलं. तिने बोटं मोडत मालकांच्या नावाने मोजली, अकरा. आज दोन उरलीत, त्यातल्या एकात थर्माकोल.

बिल्डरला शिव्या घालणं सोपं आहे काका. भरणारे आमच्याच आळीतले, पुढच्या बाकावर बसणारे. आणि आमचं बावखल आम्हीच भरलं, 2006 ला, डबर आणि मुरूम टाकून, नऊ डंपर. घर पुरत नव्हतं, वाढवायचं होतं. बाबांचा जीव होत नव्हता, मी मागे लागलो. बाबा शेवटच्या डंपरच्या वेळी घरात जाऊन बसले होते. त्या भागातली लादी अजून दर दोन-तीन वर्षांनी खचते.

हरित वसईच्या (वसईची हिरवाई वाचवायच्या चळवळीच्या) वेळी फादर दिब्रिटोंच्या मोर्चात बाबा होते. माझा खांद्यावर बसून गेल्याचा फोटो आहे.

आता हे तिला कसं सांगू? दार मीच काढलं म्हणून?

---

नगरकर_

उत्पत्ती 2:15. एदेन बागेत माणसाला ठेवलं ते "मशागत व राखण" करायला. आपण मशागत तेवढी धरली. पोप फ्रान्सिसनी पण 2015 च्या त्यांच्या पत्रात, लौदातो सी, हीच ओळ धरलीय.

आणि एक. पंडिता रमाबाईंचे आई, वडील, मोठी बहीण दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेले, अन्न नसल्याने. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि मुली गोळा करून आणल्या, शेकडो. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. माझी पणजी तिथली. दुष्काळ कोणी पाठवला याच्यावर पणजीने कधी काही सांगितल्याचं ऐकलं नाही. बैलगाडीत किती जणी होत्या आणि पहिल्या रात्री पेज किती पातळ दिली (एकदम घट्ट दिली तर उपाशी पोट मरतं म्हणून) हे मात्र घरात सगळ्यांना पाठ.

---

निरीश्वर

@वाडीवाला, प्रामाणिक लिहिलंत. आता मी म्हणालो होतो तेच झालं ना, देवाला मध्ये न आणता पूर्ण उत्तर मिळालं. बावखल भरलं, पाणी तुंबलं.

---

पांढरी_साडी_नाही

थांबा जरा. मी नर्स आहे, मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सोळा वर्षं. तुमचं सगळ्यांचं "माणसाने केलं" वर येऊन छान जमत आलंय म्हणून बोलते. सात वर्षांच्या पोरीच्या रक्तात ल्युकेमिया होतो तिथे बावखल कोणी भरलं? माळवदावर माती कोणी टाकली? रक्तातल्या पेशी म्हणजे कसली शिस्त असते माहितेय, रोज अब्जावारी बनतात, ठरल्या वेळी मरतात. आणि एक पेशी मरायला विसरते. एवढंच. एक पेशी "इथवर ये" ऐकत नाही.

त्यामुळे निरीश्वरभाऊ, तुमचं उत्तर पण पुरत नाही आणि फादरांचं पण नाही. मी कॅथलिक आहे, नाईट ड्युटीवरून रविवारी सरळ देवळात जाते आणि अर्धा वेळ पेंगते. कालचं शुभवर्तमान मी जागी राहून ऐकलं. मला त्यात वाऱ्याला गप्प करणं एवढं भिडत नाही. वॉर्डात वारा क्वचित गप्प होतो. मला ते ओरडणं आवडतं, "गुरुजी, आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काळजी नाही?" काय उद्धट वाक्य आहे. मार्कने ते सौम्य न करता तसंच ठेवलंय. आमच्या वॉर्डातल्या आया जिन्यात उभ्या राहून हेच बोलतात, जास्त वाईट शब्दांत. मी त्यांना गप्प करत नाही.

---

शेवंती_ना

@पांढरी_साडी_नाही, 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्ट्यासमोर मोठा वारा येतो, भूमिकंप होतो, अग्नी येतो, आणि प्रत्येकाच्या पुढे लिहिलंय की त्यात परमेश्वर नव्हता. मग शांत मंद वाणी. मला ते "नव्हता" नेहमी पुरतं. तुमच्या वॉर्डात पुरेल का माहीत नाही.

---

पांढरी_साडी_नाही

काही रात्री पुरतं. ड्युटीला निघते.

---

मारानाथा77

सर्वांसाठी प्रार्थना करतो. ताईंच्या वॉर्डासाठी विशेष. एफडीवाल्या शेजाऱ्यासाठी पण.

---

खडूस_काका

😂 हे आवडलं. तुम्ही वाईट माणूस नाही दादा.

---

भूगर्भी

@लातूरकर, विमानाचं वाक्य मागे घेतो. @वाडीवाला, प्रॅक्टिकल बोलायचं तर जे दोन उरलेत ते वाचवा. गाळ काढताना तळ जेसीबीने खरवडू नका, जास्त खोल गेलात तर खारं पाणी वर येऊ शकतं. आजूबाजूच्या विहिरींची पातळी आत्ता जोराच्या पावसाआधी मोजून ठेवा, दोरी आणि दगड पुरे. कंपाउंडच्या भिंतींना खाली भोकं आहेत का बघा, पाणी तिथपर्यंत पोचायला वाट लागते.

---

वाडीवाला (30 जून, दुपारी 1:40)

सांगितलं. आज मिस्सानंतर तिला ते उरलेलं बावखल दाखवायला नेलं, थर्माकोल नसलेलं. काठाला उभं राहून सांगितलं की असंच आपलं होतं, आजोबांना नको होतं, मी भरलं. नर्सताईंचं पण सांगितलं, की सगळ्याच दारांचं मला माहीत नाही, काही दारं कोणी उघडी ठेवली ते मी पण देवाला विचारतो.

तिने ते दुसरं फार ऐकलं नाही. ती विचार करत होती. म्हणाली, आपलं बावखल कुठे होतं? म्हटलं, आपला हॉल आहे ना, तिथे.

"म्हणून माझी चप्पल तिकडे गेली," म्हणाली.

संध्याकाळी तिला घेऊन विहिरीची पातळी मोजणार आहे. दोरीला गाठी मारून ठेवल्यात तिने, एकेक हातावर.

---

खडूस_काका

चप्पल नंतर सापडली का?

---

वाडीवाला

एक.